झामरॉकच्या तबकड्यांच्या शोधात: लुसाका ते एन्डोला

झामरॉक म्हणजे १९७० च्या दशकातले झांबियाचे रॉक संगीत. त्याच्या मूळ तबकड्या (ग्रामोफोन रेकॉर्ड) मिळवण्यासाठी झांबियाला जायचे असेल, तर दुकानांची यादी घेऊन फिरण्यापेक्षा ओळखी काढत लोकांच्या घरी निवांत बसण्याची तयारी ठेवावी. तबकड्या आज कपाटांत आणि माळ्यांवर आहेत, आणि त्याचे कारण या संगीताच्या इतिहासात आहे. १९६४ साली स्वतंत्र झालेल्या या देशात तांब्याच्या खाणींमुळे पैसा खेळत होता, आकाशवाणीवर ९५ टक्के संगीत झांबियातलेच असावे असा राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांचा आदेश होता, आणि लुसाका व खाणपट्ट्यातली तरुण मुले घरघरत्या इलेक्ट्रिक गिटारवर बेम्बा, न्यांजा आणि इंग्रजीत स्वतःची गाणी रचत होती. विच, अमानाझ, मुसी-ओ-तुन्या, न्गोझी फॅमिली हे त्यांतले ठळक बँड. पुढे तांब्याचे भाव कोसळले, रेकॉर्ड विकत घेणे लोकांना परवडेनासे झाले आणि एड्सच्या साथीने त्या पिढीतले अनेक वादक नेले. मुळात थोड्याच निघालेल्या तबकड्या वाजून वाजून झिजल्या.

मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे लुसाकाला जाता येते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण परतताना भारतीय विमानतळावर ते मागितले जाऊ शकते. मे ते ऑगस्ट हा काळ कोरडा आणि थंड असतो. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेली तबकडी हमखास वाकते.

लुसाकात मोद्झी आर्ट्स या संस्थेने उभारलेले झामरॉक संग्रहालय आधी पाहावे. तिथे कव्हरे आणि छायाचित्रे नजरेखालून गेली की पुढे कोणाच्या घरी काय समोर येते आहे, ते चटकन ओळखता येते. कमवाला भागात गुजराती कुटुंबांची जुनी दुकाने आहेत. तिथे तबकड्या मिळाल्या नाहीत, पण हिंदीत विचारपूस करता आली आणि त्यातूनच खाणपट्ट्यातल्या एन्डोला शहरातल्या एका माणसाचे नाव हाती लागले. भारतीय माणसाला हा मोठाच आधार आहे.

लुसाकाहून एन्डोला सुमारे ३२० किलोमीटर आहे आणि बसने जाता येते. टील कंपनीचा रेकॉर्ड छापण्याचा कारखाना एन्डोलातच होता, त्यामुळे झांबियात छापलेल्या पुष्कळशा तबकड्यांचे हे माहेर. तिथे एका निवृत्त खाण कामगाराच्या घरी न्गोझी फॅमिलीची ४५ आरपीएमची एक सिंगल, म्हणजे दर बाजूला एकेक गाणे असलेली छोटी तबकडी, पाहायला मिळाली. मधल्या लेबलवर बॉलपेनने मालकाचे नाव होते, आणि उजेडात तिरकी धरल्यावर खाचा चकाकण्याऐवजी राखाडी दिसत होत्या. सुई उडू नये म्हणून टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, टोकावर नाणे ठेवून वर्षानुवर्षे वाजवलेल्या तबकडीची ही खूण आहे. वरवर एक ओरखडा नसला तरी अशी तबकडी मोठ्या आवाजाच्या जागी फाटल्यासारखी वाजते, म्हणून केवळ डोळ्यांनी पारखून पैसे देऊ नयेत. बॅटरीवर चालणारा छोटा टर्नटेबल जवळ असावाच, कारण वीज तासन्‌तास जाते. त्या गृहस्थांना ती विकायची नव्हती. आम्ही दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकल्या, आणि गिटार कोणत्या जागी बदलते हे ते बोटाने दाखवत राहिले. भेटीच्या आरंभी बेम्बात ‘मुली शानी’ म्हणून विचारपूस करावी आणि किमतीचा विषय यजमानांनीच काढू द्यावा. त्यांना परदेशातला भाव ठाऊक नसेल, तर तो आपण सांगणे हे मी कर्तव्य मानतो. ही माणसे तबकड्यांबरोबर त्यांची माहितीही सांभाळून आहेत.

विचच्या १९७२ सालच्या ‘इंट्रोडक्शन’ची किंवा अमानाझच्या १९७५ सालच्या ‘आफ्रिका’ची मूळ प्रत मिळण्याची आशा धरून जाऊ नये. कोणी समोर ठेवलीच, तर कव्हरवर बारकोड किंवा संकेतस्थळाचा पत्ता नाही ना, हे आधी पाहावे, कारण तो असेल तर ती अलीकडची आवृत्ती असते. अशा आवृत्त्यांना कमी लेखू नये. लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीने ‘आफ्रिका’ची दोन्ही ध्वनिमिश्रणे (मिक्स), एक कोरडे आणि दुसरे आवाज घुमवणारे (रिव्हर्ब), उपलब्ध केली आहेत, आणि ऐकण्यासाठी ती झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा कितीतरी सरस आहेत. माझ्या मते मूळ प्रत तेव्हाच घ्यावी, जेव्हा तिच्यावरचे गाणे अन्यत्र कुठेच मिळत नाही.

परतताना तबकडी कव्हरातून काढून आतल्या पाकिटासह कव्हराच्या मागे ठेवावी, म्हणजे धक्क्याने कव्हराची शिवण फाटत नाही. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून सगळे हातातल्या सामानात घ्यावे. कव्हरासह २५ एलपींचे वजन सहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा विमान कंपनीची मर्यादा आधी पाहावी. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर किमतीची पावती लिहून घ्यावी, ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवता येते. घरी आल्यावर डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाच्या थेंबाने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच तबकडी नव्या पाकिटात घालावी, कारण जुन्या पाकिटातली बुरशी पुन्हा लागते.