विकत घेतलेली नवरी

आज दुपारी माझी भाची आणि तिची मैत्रीण यांच्यात कोरे यामाझाकी यांच्या ‘द एन्शंट मेगस ब्राइड’ या जपानी मांगावरून (चित्रकथेवरून) चांगलीच जुंपली. २०१३ साली सुरू झालेल्या या कथेत १५ वर्षांची चिसे लिलावात उभी राहते, प्राण्याच्या कवटीसारखे डोके असलेला जादूगार एलियस तिला पन्नास लाख पौंडांना विकत घेतो, घरी आणून आंघोळ घालतो आणि तू माझी शिष्या व पुढे नवरी होशील, असे सांगतो. मैत्रिणीने तिथेच पुस्तक मिटले.

“मावशी, चिसेने स्वतःच स्वतःला विकायला काढले होते ना!” हा भाचीचा युक्तिवाद. पण जिला जगण्याचीच इच्छा उरलेली नाही, तिच्या होकाराला होकार कसे म्हणावे? चिसेला वाचवण्यासाठी एलियस तिच्याच मैत्रिणीचा बळी द्यायला निघतो, तेव्हा चिसे त्याला सोडून जाते. म्हणजे त्याच्या मालकीहक्काला लेखिका पाठीशी घालत नाही, हे भाचीचे म्हणणे मात्र मला पटले. तरीही तो आंघोळीचा प्रसंग इतक्या हळुवारपणे रेखाटला आहे की खरेदीचा व्यवहार वाचकाच्या नजरेआड होतो, आणि माझा आक्षेप नेमका त्या हळुवारपणाला आहे.

भाचीने रुक्मिणीहरणाचाही दाखला दिला. तो इथे लागू पडत नाही, कारण रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावले होते. मैत्रीण पुढचा खंड वाचायला तयार नाही, आणि तिला तसा आग्रह करू नये, असे मी भाचीला बजावले आहे.