आमची वाटचाल : आम्ही गुणाकार विकतो

चिपच्या आत गुणाकार करणारं सर्किट व्हेरिलॉगमध्ये (सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषेत) लिहायचं, तपासायचं आणि ग्राहकाच्या हवाली करायचं, हा आमचा धंदा. पुण्यात भाड्याच्या जागेत सुरुवात केली तेव्हा तारण दाखवायला ना मशीन होतं ना गोदाम. कर्ज मिळालं नाही. पहिल्या ग्राहकाच्या अ‍ॅडव्हान्सवर भागवलं.

या धंद्याचं मूळ १९५१ सालचं. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातल्या अँड्र्यू बूथ यांनी ऋण-धन संख्यांच्या गुणाकाराची पद्धत तेव्हा मांडली. १९६१ मध्ये मॅक्सॉर्ली यांनी ती सुधारली. गुणकाचे तीन-तीन बिट, एक सामाईक ठेवून, पाहायचे आणि त्यांचा −२ ते +२ मधला एक अंक करायचा, म्हणजे दर वेळी दोन नवे बिट उरकतात. याला रिकोडिंग म्हणतात. १६ बिटांच्या गुणाकारात मग १६ ऐवजी ८ ओळींचीच बेरीज उरते. दुप्पट करायला बिट डावीकडे सरकवायचे, उणे करायला उलटवून एक मिळवायचा. दोन्ही स्वस्त.

पण एवढं तर सिंथेसिसचं टूलही, म्हणजे व्हेरिलॉगमधून गेटांचं सर्किट बनवणारं सॉफ्टवेअरही, करतं. मग आम्हाला पैसे कोण देणार? उत्तर डिजिटल फिल्टरमध्ये सापडलं. सममित फिल्टरमध्ये, म्हणजे ज्याचे गुणांक दोन्ही टोकांकडून सारखेच असतात त्यात, आधी सिग्नलच्या दोन सॅम्पलची (मोजलेल्या आकड्यांची) बेरीज होते, मग तिचा गुणांकाशी गुणाकार. बेरजेचा कॅरी (हातचा) वरपर्यंत पोचेस्तोवर वरच्या बिटांचं रिकोडिंग खोळंबतं आणि क्लॉकचा वेग तिथेच अडतो. आम्ही ती बेरीज पूर्ण करतच नाही. दोन्ही संख्यांच्या बिटांवरून थेट −२ ते +२ चे अंक काढतो. कॅरी जवळच्या मोजक्या घरांतच जिरतो, त्यामुळे संख्या १६ बिटांची असो की ६४, रिकोडिंगचा वेळ तेवढाच. कल्पना आमची नाही, शोधनिबंधांत ती आहेच. सगळी कटकट सर्वांत वरच्या, चिन्हाच्या बिटाशी असते. ती निस्तरायचेच आम्ही पैसे घेतो, असं म्हटलं तरी चालेल.

काही जण त्याहून पुढची, एका वेळी दोनऐवजी तीन नवे बिट उरकणारी पद्धत मागतात. १६ बिटांना ६ च ओळी, ऐकायला छान. पण तिथे ३ हा अंकही येतो, त्यासाठी तिप्पट लागते, आणि ती नुसतं सरकवून मिळत नाही. खरी बेरीज करावी लागते. म्हणजे टाळलेला कॅरी मागच्या दाराने घरात. पाइपलाइनमध्ये, म्हणजे काम क्लॉकच्या ठोक्यांत वाटून करणाऱ्या रचनेत, मोकळी पायरी असेल तरच आम्ही हो म्हणतो.

एफपीजीए (विकत घेतल्यावर हवं ते सर्किट भरता येणारी चिप) वापरणाऱ्यांना बहुधा परतच पाठवतो, कारण त्यातल्या अनेक डीएसपी ब्लॉकमध्ये (सिग्नलच्या गणितासाठीच्या तयार भागांत) आधीची बेरीज आणि गुणाकार तयारच असतो. हल्ली एआयवाल्यांच्या ४ बिटांच्या चौकशा वाढल्यात. तिथे मुळात ओळीच चार, रिकोडिंग करणाऱ्या सर्किटची चिपवरची जागा वसूल होत नाही. त्यांना अँड गेटांची (दोन बिटांचा गुणाकार करणाऱ्या गेटांची) साधी जाळी देतो आणि बिलही त्याच मानाने लावतो.