आमची वाटचाल : चार आण्यांच्या गोळीपासून

आमच्या घरात आधी गाठी आल्या, लिमलेटच्या गोळ्या नंतर. आजोबा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, हंगामी माल करायचे. संक्रांतीला हलवा, पाडव्याला साखरेच्या गाठी, दिवाळीला बत्तासे. सागवानी साच्यात दोरा ठेवायचा, वरून पाक ओतायचा आणि निवला की माळ अलगद सोडवायची. जिल्ह्यात साखर कारखाने उभे राहत होते, प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ पासून गाळप करत होता. तरी साखरेवर नियंत्रण असल्यामुळे छोट्या हलवायाला पोतं मिळवायला खेटे घालावे लागत. पाडवा झाला की भट्टी थंड. वर्षभर चूल पेटावी म्हणून वडिलांनी गोळ्यांचा विचार केला.

साखर तीच, पण विद्या अगदी उलटी. गाठीचा पाक घोटून घोटून त्याला रवा आणावा लागतो, तेव्हाच ती पांढरी आणि भुसभुशीत होते. लिमलेटच्या गोळीत रवा धरला तर घाणा वाया. ती काचेसारखी आरपार दिसली पाहिजे. त्यासाठी साखरेत लिक्विड ग्लुकोज घालायचं आणि पाक दीडशे अंशांच्या आसपास न्यायचा, म्हणजे त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. मग तो तेलाचा हात फिरवलेल्या लोखंडी टेबलावर ओतायचा. जरा निवला की सायट्रिक ॲसिड, रंग आणि इसेन्स मळायचा. ॲसिड गरम पाकात लवकर पडलं, तर साखर फुटते आणि गोळी चिकट होते. पाक घट्ट व्हायच्या आत गोळा रोलरमधून काढून संत्र्याच्या फोडीचा आकार द्यायचा. हे सगळं मोजक्या मिनिटांत. वडील थर्मामीटर वापरायचे, तरी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून दाताखाली तोडून पाहिल्याशिवाय कढई उतरवू देत नसत. आमच्या कारागिरांमध्ये ती सवय अजून आहे आणि ती राहावी असं मला मनापासून वाटतं.

खरा शत्रू पावसाळा. हवेतला दमटपणा गोळी ओढून घेते आणि तिला पाणी सुटतं. सुरुवातीची कित्येक वर्षं आषाढ-श्रावणात उत्पादन निम्म्यावर यायचं. पुढे पॅकिंगची खोली बंद करून तिथे हवा कोरडी करणारं यंत्र बसवलं. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा फरक त्या एका खोलीने पाडला.

आता पैशाचं बोलतो, कारण आमचा इतिहास खरं तर नाण्यांचा इतिहास आहे. गोळीची किंमत साखरेच्या भावाने ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या हातातल्या नाण्याने ठरते. वडिलांनी पाच पैशांना गोळी विकली, मग दहा पैशांना, मग चार आण्यांना. साखर किलोमागे दोन रुपयांनी चढली म्हणून चार आण्यांची गोळी सत्तावीस पैशांना विकता येत नाही. वजन कमी करायचं, नाही तर पुढच्या नाण्याची वाट बघायची. ३० जून २०११ ला चार आणे चलनातून गेले. आठ आणे कायद्याने चालू राहिले, पण दुकानदार ते घेईनासे झाले आणि गोळी एक रुपयावर आली. त्या रुपयाने आम्हाला काही वर्षं श्वास घेऊ दिला.

किराणा दुकानात बरणीतल्या गोळ्या खपायच्या त्या बऱ्याचशा सुट्ट्याच्या बदल्यात. मोबाइलवरून पैसे देणं सुरू झालं तसं सुट्ट्याचं कामच उरलं नाही आणि घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी वर्षागणिक घटत गेल्या. आमच्या पिढीने सोसलेला हा सगळ्यात कठीण काळ. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड २७ कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेले, तेव्हा घरात कुणी फारसं बोललं नाही. वालचंद हिराचंद यांच्या त्या कारखान्याकडे बघून वडील धंदा शिकले. ‘पान पसंद’ची चव किती वेळ टिकते, हे ते घड्याळ लावून पाहायचे. कच्चा माल, वीज, मजुरी सगळं वाढलं आणि गोळीची किंमत वाढवता येत नाही, ही त्यांची अडचण आमचीही होती.

आम्ही मग सुट्ट्या पैशांवरचं अवलंबून राहणं सोडलं. एक रुपयाची गोळी बंद केली नाही, पण शंभर आणि दोनशे ग्रॅमचे पुडे काढले. कैरी, आवळा, चिंच आणि आलं-लिंबू असे चार स्वाद धाकट्या बहिणीने बसवले. चिंचेच्या गोळीत ती खरा कोळ घालते. कोळात पाणी असतं, म्हणून तो आधी आटवून घ्यावा लागतो. पण इसेन्सने ती चव येत नाही, हे तिचं म्हणणं तिने करून दाखवलं. कृत्रिम रंगाला किलोला १०० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. आम्ही त्याच्या पुष्कळ खाली राहतो आणि आवळ्याच्या गोळीत रंग घालतच नाही. १ जुलै २०२२ पासून लॉलीपॉपच्या प्लास्टिकच्या काड्यांवर बंदी आली. कागदी काडी गरम पाकात वाकायची, म्हणून पाक थोडा जास्त निवू देऊन मग काडी खोचायची पद्धत बसवली.

पुड्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. एसटी स्टँडवरची दुकानं, शिर्डीच्या वाटेवरचे ढाबे आणि बाहेरगावी राहणारी नगरची मंडळी. हे लोक नाणं संपवायला गोळी घेत नाहीत, आवडते म्हणून घेतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आमच्या गोळ्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पुड्यांची किंमत आम्ही त्याच दिवशी उतरवली. एक रुपयाच्या गोळीची किंमत उतरवणार कुठे, खाली चालणारं नाणंच नाही. म्हणून तिचं वजन वाढवलं. त्यासाठी रोलरचे जुने, मोठ्या खाचांचे साचे माळ्यावरून काढून घासूनपुसून पुन्हा चढवले.