रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मी गोळी बंद केली...

तर झालं असं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 172 आलं, डॉक्टरांनी रोज एक अ‍ॅटोर्वास्टॅटिन 10 एमजी लिहून दिली, दोन महिन्यांनी परत टेस्ट केली तर 108. मी जाम खूश. म्हटलं चला, सुटलो एकदाचा, आणि कोणाला न विचारता गोळी बंद. स्ट्रिपमध्ये चार गोळ्या उरलेल्या, त्या ड्रॉवरमध्ये चष्म्याच्या डबीखाली तशाच पडून. तीन महिन्यांनी टेस्ट केली तर 169. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गोळी कधी सोडलीत?" चालू आहे का वगैरे नाहीच, डायरेक्ट कधी!

मग त्यांनी नीट समजावलं. अँटिबायोटिकचा कोर्स असतो तसं याचं नसतं. कोलेस्टेरॉल बनवायला लिव्हरला जे एन्झाइम लागतं ते स्टॅटिन (माझी गोळी याच प्रकारातली) अडवतं, मग लिव्हरला माल कमी पडतो आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत लिव्हर परत जुन्या चालीवर. म्हणजे तो 108 गोळी धरूनच होता, आणि मी त्याच्या जिवावर गोळीच काढून टाकली.

मी लगेच म्हटलं, मग आता 20 ची द्या ना, पटकन उतरेल. तर म्हणे डोस डबल केला तरी एलडीएल साधारण 6 टक्केच जास्त उतरतं, साइड इफेक्टची शक्यता मात्र वाढते. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांना मुद्दाम जास्त डोस देतात, ते वेगळं. माझं परत 10 वरच सुरू झालं. वेळेचंही विचारून घेतलं, अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन कधीही चालतं, सिम्वास्टॅटिन रात्री घ्यायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

या वेळी मी पाकिटातला कागद वाचला, आणि तिथेच घोळ झाला. चौथ्याच दिवशी पोटऱ्या दुखायला लागल्या. झालं, मसल डॅमेज! सीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का ते बघायची रक्ताची टेस्ट केली, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले व्यायाम काय करताय, तेव्हा ट्यूब पेटली की त्याच आठवड्यात मी जिने चढायला सुरुवात केली होती, रोज सहा मजले. 2020 मध्ये एक अभ्यास आला होता, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं, तर खऱ्या गोळीवर जेवढा त्रास होत होता त्याच्या जवळपास 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. याचा अर्थ दुखणं खोटं असा नाही हां. दोन्ही बाजूंचे स्नायू खूप दुखतायत, अंगात ताकदच नाही, किंवा लघवी कोलासारखी काळपट झाली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर किडनीवर जातं. थायरॉइड कमी असेल तर स्नायूंचा त्रास लवकर होतो, आणि गंमत म्हणजे त्याने कोलेस्टेरॉलही वाढतं, त्यामुळे ते आधी तपासलेलं बरं.

लिव्हरची टेस्ट सुरू करायच्या आधी एकदा, नंतर काही लक्षण दिसलं तर. शुगर किंचित वाढू शकते, बॉर्डरवर असणाऱ्यांनी लक्ष ठेवायचं, गोळी सोडायची नाही. प्रेग्नन्सीचा प्लॅन असेल तर मात्र आधीच सांगायचं, तेव्हा बहुतेकदा थांबवतात, आणि बाळाला अंगावर पाजत असतानाही घेत नाहीत.

एका मित्राने सल्ला दिला, केमिकल कशाला, रेड यीस्ट राइसच्या, म्हणजे बुरशीने आंबवलेल्या लाल तांदळाच्या कॅप्सूल घे, नॅचरल आहे. अरे त्यात जे मोनाकोलिन के असतं ना तेच लोवास्टॅटिन! 1987 पासून औषध म्हणून विकलं जातंय, फक्त कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नाही. आणि स्टॅटिन तरी कुठून आलं, जपानच्या अकिरा एंडो यांना 1970 च्या दशकात पहिलं स्टॅटिन बुरशीतच सापडलं होतं.

खरा गोंधळ मागच्या महिन्यात होता होता राहिला. घसा धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी विचारलं बाकी काही औषध चालू? मी म्हटलं नाही. खरंच डोक्यातच आलं नाही, रोजची गोळी आता औषध वाटतच नाही. दारापर्यंत गेल्यावर आठवलं, परत फिरलो, फोनमधला स्ट्रिपचा फोटो दाखवला. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं होतं. त्याने शरीरात अ‍ॅटोर्वास्टॅटिन साचत जातं, ग्रेपफ्रूटचा रस भरपूर प्यायला तरी थोडंफार तसंच होतं. त्यांनी काही न बोलता ती ओळ खोडली, खाली अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिलं, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात "स्टॅटिन चालू", खाली दोन रेघा मारून.