बाहेर चौदा पावलं, आत अकरा

खानापूरकडची भरतीची तयारी करणारी पोरं सकाळची धाव झाली की घोळका करून बसतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "मेजर, किती टिपले?" काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये मी काढलेल्या दिवसांचा हिशेब त्यांना तेवढ्या आकड्यात हवा असतो. मी त्यांना ज्या दिवसाबद्दल सांगतो, त्या दिवशी एकही गोळी सुटली नव्हती. पण त्या पट्ट्यातलं अतिरेक्यांचं जाळं तुटायला लागलं ते त्याच दिवसापासून.

उत्तर काश्मीर, ऑक्टोबरची अखेर. मका कापून झाला होता. एका गावात दोघे अधूनमधून मुक्कामाला येतात, अशी खबर पोलिसांकडून आली होती. एकाच खबऱ्याच्या शब्दावर घेरा टाकायचा नसतो. भाऊबंदकीचं वैर काढायलाही लोक फौजेला दारात आणतात. दुसरीकडून तीच गोष्ट ताडून घेतली, आणि मगच हुकूम सुटला.

गाड्या तीन किलोमीटर मागं सोडल्या, कारण रात्री दरीत इंजिनाचा आवाज लांबवर जातो. पायवाट टाळून उतारानं चाललो. पायवाटेवर सुरुंग असू शकतो, आणि गावातली कुत्री आधी पायवाटेवरचाच वास धरतात. बाहेरचा घेरा, आतला घेरा, झडती घेणारी पार्टी आणि राखीव तुकडी, अशा चार वाटण्या. घेरा म्हणजे नुसती गोल उभी केलेली माणसं नव्हेत. प्रत्येक जोडीला डावीकडं कोण, उजवीकडं कोण आणि गोळी कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंतच चालवायची, हे पाठ असावं लागतं. एकदा बसल्यावर कुणी हलायचं नाही. लघवीला म्हणून दहा पावलं मागं गेलेला जवान अंधारात शेजारच्या जोडीला शत्रूच दिसतो. अशा कारवाईत आपल्याच माणसाच्या गोळीची भीती शत्रूच्या गोळीइतकीच असते.

सगळ्यात आधी नाला बंद करायचा. पळणारा माणूस घरामागच्या नाल्यानंच रान गाठतो, आणि रानात शिरला की कारवाईचं रूपच पालटतं. कर्नल संतोष महाडिक आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यातल्या हाजी नाका रानात पुढं राहून लढताना त्यांना वीरमरण आलं. तसल्या दाट झाडीत दहा-पंधरा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

उजाडल्यावर गावच्या वडीलधाऱ्यांकडून मशिदीच्या भोंग्यावरून सांगायला लावलं. पुरुष शाळेच्या पटांगणात जमले, आजारी आणि म्हातारी माणसं घरातच राहिली. बायकांसाठी महिला पोलीस होत्या. झडतीला घरमालक पुढं, जवान मागं. दार मालकानंच उघडायचं, पेटी त्यानंच उघडायची. शेवटी काही गेलं नाही, काही मोडलं नाही, असा कागद त्याच्या सहीनं घ्यायचा. हा कागद मला फार मोलाचा वाटतो. एका घरातलं चांदीचं कडं हरवलं, तर त्या गावातून पुढची दोन वर्षं खबर येत नाही.

अकरा वाजेपर्यंत काही सापडलं नाही. मग झडतीतला एक जवान, बेळगावजवळच्याच गावचा, एका गोठ्यातून बाहेर आला, घराच्या कडेनं चालत गेला आणि पुन्हा आत गेला. बाहेरून चौदा पावलं, आतून अकरा. कवायतीचं पाऊल तीस इंचांचं, म्हणजे फरक साडेसात फुटांचा. मातीच्या दोन भिंती दीड-दीड फुटांच्या धरल्या तरी साडेचार फूट जागा उरते. त्याला शंका आली होती ती मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. गोठ्याच्या भिंतीला जनावरं वर्षानुवर्षं अंग घासतात, त्यामुळं त्यांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत माती गुळगुळीत, तेलकट होते. तीन भिंती तशाच होत्या. गव्हाणीमागची चौथी खडबडीत होती आणि तिच्या लिंपणातलं काड अजून पिवळं होतं. हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही. ज्याच्या घरी गोठा आहे, त्यालाच ते दिसतं.

अशा वेळी सगळ्यांचे हात कुदळीकडं जातात, आणि घात तिथंच होतो. आत माणूस असला तर तो पहिला घाव घालणाऱ्यावरच गोळी झाडतो. माणूस नसला तर सापळा लावलेला असू शकतो. म्हणून घर आणि शेजारची दोन घरं रिकामी केली, गुरं सोडली, कर्ण्यावरून शरण यायचं आवाहन केलं आणि दोन तास थांबलो. मग वास घेणारं फौजेचं कुत्रं. मग गव्हाणीखालच्या फळीला आकडा लावून लांबून दोरानं ओढलं.

आत कुणी नव्हतं. दोन अंथरुणं, गॅसची छोटी शेगडी, तांदूळ, सुकामेवा, एके-४७ ची दोन मॅगझिनं, वायरलेस सेटची बॅटरी, सांकेतिक आकड्यांचा तक्ता म्हणजे मॅट्रिक्स शीट, औषधांच्या पट्ट्या आणि पिशवीत गुंडाळलेला बंद मोबाइल.

चूक झाली ती इथं. एका जवानानं मोबाइल चालू करून पाहिला. मिनिटाभरात त्यावर मेसेज आले. म्हणजे पलीकडच्याला फोन जागा झाल्याचं कळलं. पोलिसांनी नंतर शोधलेले दोन नंबर त्याच संध्याकाळपासून बंद होते. सापडलेला फोन बंद असेल तर बंदच ठेवायचा, पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि पंचनाम्यात लिहून सीलबंद पोलिसांकडं द्यायचा. पकडलेला माणूसही विनाविलंब जवळच्या ठाण्यात सोपवावा लागतो, फौजेला विशेष अधिकार देणाऱ्या अफ्स्पा कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. कागद कच्चा राहिला की कोर्टात सगळी मेहनत वाया जाते.

उपयोगी पडल्या त्या औषधाच्या पट्ट्या. पट्टीवर बॅच नंबर असतो. त्यावरून पोलीस घाऊक विक्रेत्याकडं, तिथून दुकानाकडं आणि दुकानातून औषध नेणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचले. ड्रायव्हरमागून शिधा देणारा सापडला, सिमकार्ड घेऊन देणारा सापडला. यातल्या एकाच्याही हातात बंदूक नव्हती. फौजेत यांना ओजीडब्ल्यू, म्हणजे ओव्हरग्राउंड वर्कर, म्हणतात. बंदूकवाला मेला तर महिन्याभरात दुसरा येतो. पण वाट दाखवणारा, जेवण देणारा आणि निरोप पोचवणारा तुटला, तर नव्याला पहिल्या बर्फातच गाव सोडावं लागतं.

पहलगामचंच घ्या. २२ एप्रिल २०२५ ला तिथं अतिरेक्यांच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. जूनमध्ये एनआयएनं, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेनं, त्या अतिरेक्यांना आसरा देणाऱ्या दोघांना पकडलं. २८ जुलैला फौजेच्या 'ऑपरेशन महादेव'मध्ये हल्ला करणारे तिघे ठार झाले, तेव्हा ज्यांनी त्यांना जेवू घातलं होतं त्यांनीच मृतदेह ओळखले, आणि चंदीगडच्या प्रयोगशाळेत हल्ल्याच्या जागची काडतुसं त्यांच्याच रायफलींशी जुळली.

म्हणून कारवाईचा हिशेब मी मढ्यांवर मांडत नाही. एका टोळीला लागोपाठ किती रात्री एकाच घरात काढता येतात? लोक स्वतःहून खबर देतात का? हे बघतो. त्या गावात आधी महिन्याला जेमतेम एखादी खबर यायची. भिंत सापडल्यानंतरच्या हिवाळ्यात गावकरी स्वतः येऊन सांगू लागले.

या रविवारी पोरांना आपापल्या घरची पावलं मोजून आणायला सांगितलीत. बाहेरून आणि आतून, दोन्ही. शिवाय गोठ्याची भिंत कुठवर गुळगुळीत आहे, तेही बघून यायचंय.