तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डिफनं जिंकलंय तरी काय?

वेल्सचा असून इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबची मी समर्थक आहे म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "ते कुठल्या लीगमध्ये असतात?" उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "आणि जिंकलंय तरी काय त्यांनी?" विचारणारा बहुधा लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडचा असतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसायला लागलेला असतो.

तर घ्या उत्तर. मोठं म्हणावं असं एकच: १९२७ चा एफए कप, इंग्लंडची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा. त्याच वर्षी चॅरिटी शील्ड, एकाच सामन्याची. वेल्सचा स्वतःचा वेल्श कप २२ वेळा. खालच्या डिव्हिजनची काही विजेतेपदं, त्यातलं ठळक म्हणजे २०१३ ची चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या पातळीची लीग. बाकी सगळीकडे 'उपविजेते', नाहीतर 'उपांत्य फेरी'. संपली यादी.

पण ही यादी मी नोकरीच्या निमित्तानं कार्डिफला राहत असताना इतक्यांदा ऐकली, आणि नंतर स्वतः इतक्यांदा वाचली, की माझं एक मत बनलंय. जिथे ती सगळ्यात जास्त मिरवते तिथे फारसं काही नसतं आणि जिथे ती एका शब्दात आटपते तिथेच खरा ऐवज असतो.

मुळात हा क्लब क्रिकेटवाल्यांचा, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर पटत नाही. रिव्हरसाइड क्रिकेट क्लबमधल्या बार्टली विल्सन या लिथोग्राफीच्या कारागिरानं १८९९ मध्ये फुटबॉलचा संघ काढला तो हिवाळ्यात पोरं पांगू नयेत म्हणून. सुरुवातीला ते सोफिया गार्डन्समध्ये खेळायचे. हो, तेच सोफिया गार्डन्स, जिथे ग्लॅमॉर्गन काउंटीकडून आपला रवी शास्त्री खेळला आणि २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत शिखर धवननं दक्षिण आफ्रिकेला धुतलं. १९०५ मध्ये कार्डिफला शहराचा दर्जा मिळाल्यावर क्लबनं 'कार्डिफ सिटी' हे नाव मागितलं. तुम्ही अजून तेवढ्या वरच्या पातळीवर खेळत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. नाव मिळालं १९०८ मध्ये. १९१० मध्ये क्लब व्यावसायिक झाला, निनियन पार्कचं मैदान आलं, आणि १९२० मध्ये फुटबॉल लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी थेट सगळ्यात वरच्या, म्हणजे फर्स्ट डिव्हिजनमध्ये बढती! तीही दुसऱ्या क्रमांकानं, कारण बर्मिंगहॅमचे आणि कार्डिफचे गुण सारखे, ५८-५८, पण गोल ॲव्हरेज (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) बर्मिंगहॅमचं सरस. हे गोल ॲव्हरेज लक्षात असू द्या, कारण तीन वर्षांनी ते पुन्हा आडवं आलं.

यादीत '१९२३-२४, फर्स्ट डिव्हिजन, उपविजेते' एवढंच असतं. आता त्या एका शब्दाच्या आत काय आहे ते बघा.

तेव्हा विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक. ३ मे १९२४, हंगामाचा शेवटचा दिवस. कार्डिफ ५६ गुणांवर पहिलं, हडर्सफील्ड ५५ वर दुसरं. कार्डिफचा सामना बर्मिंगहॅमला, त्यांच्याच मैदानावर. जिंकलं की विषय संपला. उत्तरार्धात ०-० असताना कार्डिफला पेनल्टी मिळाली. लेन डेव्हिस पुढे झाला, त्यानं मारली, आणि गोलकीपरनं ती अडवली. सामना ०-० सुटला. तिकडे हडर्सफील्डनं आपल्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं. दोघांचेही ५७ गुण झाले.

इथून पुढे गणित. आज गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करतात. तेव्हा वजाबाकी नव्हती, भागाकार होता. हडर्सफील्ड: ६० केले, ३३ खाल्ले, भागाकार १.८१८. कार्डिफ: ६१ केले, ३४ खाल्ले, १.७९४. विजेतेपद हडर्सफील्डला गेलं. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात नेट रनरेटची आकडेमोड करत बसणाऱ्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

आता वजाबाकी करा. ६० वजा ३३, सत्तावीस. ६१ वजा ३४, सत्तावीस. फरकही सारखाच, मग ज्याचे गोल जास्त तो वर, म्हणजे आजच्या नियमानं कार्डिफ इंग्लंडचं विजेतं. आणखी एक गंमत: हडर्सफील्डनं ३-० ऐवजी २-० असा विजय मिळवला असता, तर त्यांचा भागाकार ५९ भागिले ३३, म्हणजे १.७८८ आला असता आणि विजेतेपद जुन्या नियमानंही कार्डिफला गेलं असतं. म्हणजे निकाल लावला तो तिकडच्या तिसऱ्या गोलनं. जिंकलेल्या सामन्यातला तिसरा गोल, एरवी ज्याच्यावर कुणी मान वळवून बघत नाही.

कार्डिफमध्ये काही जुनी मंडळी हे 'आमच्यावर अन्याय झाला' अशा सुरात सांगतात. मला ते पटत नाही. नियम हंगामाच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होता, आणि नियम वेगळा असता तर दोन्ही संघ खेळलेही वेगळे असते. पेनल्टी आत गेली असती तर भागाकार करायची वेळच आली नसती. पण म्हणून 'उपविजेते' या शब्दात हे सगळं बसतं, असंही नाही. वेल्सचा कुठलाही क्लब इंग्लंडच्या लीगचा विजेता आजपर्यंत झालेला नाही. सगळ्यात जवळ गेलेला हा.

आणि लेन डेव्हिस? क्लबच्या विक्रमांच्या पानावर लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणाचे ते बघा. त्याचेच, १२८. नव्वदहून जास्त वर्षं झाली, तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही. तरी त्याचं नाव निघालं की गोष्ट निघते ती आत न गेलेल्या त्या एका चेंडूचीच.

त्या हडर्सफील्डचा मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन. १९२५ मध्ये तो आर्सेनलला गेला. आणि १९२७ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात कार्डिफसमोर उभं होतं चॅपमनचं आर्सेनल. कार्डिफ दोन वर्षांपूर्वी, १९२५ मध्ये, शेफील्ड युनायटेडकडून अंतिम सामना १-० हरलेलं होतं, त्यामुळे अंतिम सामन्याच्या वेम्ब्ली मैदानाची पायरी त्यांना नवी नव्हती.

२३ एप्रिल १९२७. नव्वद हजारांवर प्रेक्षक, राजे पाचवे जॉर्ज हजर, आणि पहिल्यांदाच अंतिम सामन्याचं धावतं वर्णन बीबीसी रेडिओवर. माइकवर होता जॉर्ज ॲलिसन, जो स्वतः आर्सेनलशी संबंधित होता आणि पुढे त्याच क्लबचा मॅनेजर झाला. आज असं झालं असतं तर केवढा गदारोळ! कार्डिफच्या अकरा जणांत वेल्सचे तिघे, बाकी आयरिश आणि स्कॉटिश, आणि इंग्लिश एकटा बिली हार्डी. कर्णधार फ्रेड कीनर, अस्सल कार्डिफचा.

सामना रटाळ होता असंच सगळे लिहितात. ७४ व्या मिनिटाला ह्यूई फर्ग्युसननं एक साधाच फटका मारला. आर्सेनलचा गोलकीपर डॅन लुईस खाली वाकला, चेंडू हातात आलाही, आणि छातीशी धरता धरता निसटला. समोरून लेन डेव्हिस धावत येत होता. हो, तोच. लुईस वळून चेंडू पकडायला गेला आणि त्याचंच कोपर लागून चेंडू रेषेपलीकडे. १-०. तेवढाच गोल. लुईस वेल्सचा, म्हणून नंतर त्याच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलले. दोष नव्या कोऱ्या तेलकट जर्सीला दिला गेला, आणि त्यानंतर आर्सेनलनं गोलकीपरची नवी जर्सी धुतल्याशिवाय मैदानात आणली नाही, असं सांगतात. मला त्या माणसाचं वाईट वाटतं. १९३० मध्ये आर्सेनल पुन्हा अंतिम सामन्यात गेलं आणि कप जिंकलं, तेव्हा दुखापतीमुळे तो संघात नव्हता.

एफए कप इंग्लंडबाहेर गेला तो ही एकच वेळ. त्याआधी नाही, नंतरही नाही. कार्डिफ सिटीच्या स्टेडियमबाहेर कीनरचा तो कप उंचावलेला पुतळा आहे, समर्थकांनी वर्गणी काढून २०१२ मध्ये उभारलेला. सामन्याच्या दिवशी लोक "पुतळ्यापाशी भेटू" म्हणतात, आपण मंडईत नाहीतर डेक्कनला भेटतो तसं.

मग पुढे काय झालं, असंही विचारतात. पुढे घसरगुंडी. १९२८-२९ मध्ये कार्डिफनं फर्स्ट डिव्हिजनमध्ये सगळ्यात कमी गोल खाल्ले आणि तरीही ते शेवटच्या क्रमांकावर राहून खाली गेले. असला विक्रम करायलाही वेगळंच नशीब लागतं. १९३४ मध्ये ते तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण विभागातही तळाला होते. कपनंतर फक्त सात वर्षांत!

आता ते २२ वेल्श कप. यादीत आकडा भारदस्त दिसतो, पण त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. अनेक वर्षी समोर छोट्या गावांचे क्लब असायचे. १९६१ मध्ये नाइटन टाउनला १६-० हरवणं हा क्लबचा सगळ्यात मोठा विजय म्हणून नोंदलेला आहे, आणि तो वाचताना मला नाइटनचीच दया येते. १९९५ नंतर इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबांना ही स्पर्धा बंद झाली, त्यामुळे कार्डिफचे २२ आणि वेल्समधल्याच रेक्सहॅमचे २३ तिथेच थांबले.

पण वेल्श कपची एक खुबी होती. तो जिंकला की युरोपच्या कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या कप-विजेत्यांच्या स्पर्धेत, प्रवेश मिळायचा. त्यामुळे सेकंड डिव्हिजनमध्ये रखडणारं कार्डिफ युरोपभर फिरून आलं. १९६४ मध्ये त्यांनी आधीच्या वर्षीच्या विजेत्या स्पोर्टिंग लिस्बनला बाहेर काढलं. १९६८ मध्ये टॉर्पेडो मॉस्कोविरुद्ध परतीचा सामना होता, पण मार्चमध्ये मॉस्कोत बर्फ, म्हणून तो ठेवला ताश्कंदला. वेल्समधून ताश्कंद! बरोबरी झाली म्हणून तिसरा सामना जर्मनीत ऑग्सबर्गला. तो जिंकून कार्डिफ उपांत्य फेरीत गेलं आणि हॅम्बुर्गकडून दोन सामने मिळून ४-३ असं हरलं.

आणि १० मार्च १९७१. निनियन पार्कवर रियल माद्रिद. नायजेल रीसनं डावीकडून चेंडू टाकला, ब्रायन क्लार्कनं डोकं लावलं, १-०. परतीच्या सामन्यात माद्रिदमध्ये कार्डिफची ०-२ अशी हार झाली, त्यामुळे यादीत त्या वर्षापुढे फक्त 'उपांत्यपूर्व फेरी'. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे एक आजोबा त्या रात्री निनियन पार्कवर होते. १९२७ बद्दल ते ऐकीव सांगायचे, या रात्रीबद्दल मात्र क्लार्क कुठून धावला, कुठे उडी मारली, हे खुर्चीतून उठून दाखवायचे. मागच्या रांगेतले ओरडायचे, खाली बसा.

अलीकडचं थोडक्यात. २००८ मध्ये एफए कपचा अंतिम सामना पोर्ट्समथविरुद्ध, हार ०-१. गोलकीपर एन्केलमनच्या हातून चेंडू निसटला आणि कानूनं आत ढकलला. १९२७ ची परतफेड व्याजासकट. २०१२ मध्ये लीग कप या इंग्लंडच्या दुसऱ्या कपचा अंतिम सामना, लिव्हरपूलशी २-२, मग पेनल्ट्यांवर हार. शेवटची पेनल्टी चुकली अँथनी जेरार्डची, आणि समोरच्या संघाचा कर्णधार त्याचा चुलत भाऊ स्टीव्हन, ज्यानं त्याच शूटआउटमध्ये स्वतःची पेनल्टीही घालवली होती. २०१३ मध्ये चॅम्पियनशिप जिंकून ५१ वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये पुनरागमन झालं, पण मालक विन्सेंट टॅन यांनी तेव्हा निळी जर्सी बदलून लाल केली होती. ज्या क्लबला सगळे 'ब्लूबर्ड्स' म्हणतात त्याचं इतक्या वर्षांतलं सगळ्यात मोठं यश लाल कपड्यांत! यादीत रंगाचा रकाना नसतो, हे एका परीनं बरंच आहे. २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला.

२०२५ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये शेवटचा क्रमांक, म्हणजे पुन्हा तिसऱ्या पातळीवर. आणि त्याच हंगामात रेक्सहॅम सलग तिसरी बढती मिळवून बरोबर उलट दिशेनं वर गेलं. त्यामुळे आता तिसरा प्रश्न यायला लागलाय: "मग रेक्सहॅमचंच समर्थन का करत नाहीस? त्यांच्याकडे हॉलिवूडवाले मालक आहेत, वेल्श कपही एक जास्त."

कारण मी राहत होते कार्डिफला, आणि रेक्सहॅम पार उत्तरेला. तिकडे जायची गाडीसुद्धा मध्येच इंग्लंडात शिरते आणि श्रूजबरीवरून पुढे जाते. त्या श्रूजबरीच्या क्लबनंही, इंग्लंडचा असून, वेल्श कप सहा वेळा जिंकलेला आहे.