‘नंतर देते’ म्हणणं मी सोडलं

पहिल्या नाइटला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना मी नुसती मान हलवत होते. संध्याकाळच्या सिस्टर खाटेमागून खाट सांगत भराभर पुढे चालल्या होत्या. "सात नंबर सीओपीडी, ऑक्सिजन दोन लिटरवर. नऊ नंबर डीकेए, दर तासाला शुगर. चौदाला लघवी कमी होतेय, मोजून लिही. एफ तीन दारू सुटल्यामुळे बडबडतोय, सुई ओढून काढेल, लक्ष ठेव." सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, डीकेए म्हणजे मधुमेह बिघडून रक्तात आम्ल वाढणं, एफ म्हणजे फ्लोअर. मराठवाड्यातल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी लागले, तिथल्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात खाटा 40 आणि त्या रात्री रुग्ण 53. उरलेले 13 जण खाली गाद्यांवर. आम्ही दोघी, एक सिनियर सिस्टर आणि एक मी. आमचं रुग्णालय शिकवणारं. अशा ठिकाणी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मला पाठ होता, म्हणून जास्तच भीती वाटली.

बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत आम्ही एकेका रुग्णाचा केअर प्लॅन दहा-दहा पानं लिहिला होता. इंजेक्शन द्यायला, कॅथेटर घालायला, थेंबांचं गणित करायला मी शिकले होते. 500 मिलीचं सलाईन चार तासांत द्यायचं आणि सेट मिलीला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला 42 थेंब, हे झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण एकाच वेळी चार जणांनी हाक मारली तर आधी कुणाकडे जायचं, हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. मी हाकेसरशी पळायचे. सातकडे निघाले की वाटेत एकोणिसाव्या खाटेचे नातेवाईक अडवायचे, तिथून वळेपर्यंत फोन वाजायचा. सगळ्यांना माझं एकच उत्तर, "येते, येते." पहाटे चारला लक्षात आलं की सातव्या खाटेकडे मी गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी हातात मावेल अशी एक वही घेतली. ओव्हर सुरू झाली की त्यात खाटांचे नंबर उभे लिहायचे, पुढे ज्याचं जे काम त्याची वेळ. फार साधी गोष्ट आहे. पण पहिल्या महिन्यात मी रोज रडत घरी गेले नाही, याचं बरंचसं श्रेय त्या वहीला आहे.

वहीनं सगळं होत नाही, हे इन्सुलिननं शिकवलं. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदीत मिळते, मिलीला 40 युनिटची आणि मिलीला 100 युनिटची. सिरिंजही दोन. लाल टोपणाची 40 ची, केशरी टोपणाची 100 ची. वॉर्डात नेहमी 40 ची बाटली असायची, त्यामुळे माझा हात लाल टोपणाकडे आपोआप जायचा. एका सकाळी एका काकांच्या मुलानं बाहेरून आणलेली बाटली 100 ची होती. ऑर्डर 24 युनिटची. मी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 24 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि निघाले.

आमच्या इन्चार्ज सिस्टरांचा नियम होता की इन्सुलिन, पोटॅशियम आणि हेपॅरिन दुसऱ्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय रुग्णापर्यंत न्यायचं नाही. मला तो नियम वेळखाऊ वाटायचा. त्यांनी बाटली फिरवून लेबल पाहिलं, माझ्या हातातली सिरिंज पाहिली आणि म्हणाल्या, "टेबलापाशी चल." रुग्णासमोर एक शब्दही नाही. टेबलावर कागद पुढे केला, "गणित कर." 40 च्या सिरिंजवर 24 म्हणजे 0.6 मिली. 100 च्या बाटलीतून 0.6 मिली म्हणजे 60 युनिट. चोवीसच्या जागी साठ. पेन माझ्या हातात तसंच राहिलं. काकांनी नाश्तासुद्धा केला नव्हता. सिस्टरांनी सिरिंज टाकायला लावली, नवीन भरून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "घाई असेल तेव्हा लेबल मोठ्यानं वाचत जा गं. डोळे चुकतात, कान पकडतात." आजही मी बाटली ओठ हलवून वाचते. वॉर्डातल्या मावशींना त्याची इतकी सवय झालीय की मी गप्प असले तर त्या विचारतात, "सिस्टर, आज वाचलं नाही?"

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

तिसरा महिना होता. बावीस नंबरला एक आजोबा होते. हृदय थकलेलं, पायावर सूज, दिवसभरात सगळं मिळून एक लिटरच पाणी द्यायचं. रात्री झोप लागायची नाही, उशांना टेकून बसून असायचे. त्या रात्री वॉर्ड शांत होता. हे मुद्दाम सांगते, कारण कुणी सिरीयस असता तर मी स्वतःला समजावू शकले असते. साडेतीन वाजले होते. मी टेबलाशी रात्री बाराची सेन्सस, म्हणजे रुग्णांची संख्या, रजिस्टरात उतरवत होते आणि सकाळचा इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, लिहीत होते. आजोबांनी हात वर केला. "माय, घोटभर च्या मिळंल का?" मावशींच्या थर्मासमध्ये चहा होता. आजोबांच्या हिशोबात अजून शंभरेक मिली पाणी शिल्लक होतं. मी मान वर न करता म्हणाले, "नंतर देते आजोबा, पडा थोडं."

पाच वाजून वीस मिनिटांनी शेजारच्या खाटेवरचा मुलगा ओरडला. मी आजोबांच्या छातीवर दाब द्यायला लागले, रेसिडेंट डॉक्टर धावत आले, आलटून पालटून आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केले. ईसीजीची रेघ सरळच निघाली.

त्यानंतरची कामं ठरलेली असतात. सुया काढायच्या, तोंड पुसायचं, जबडा बांधायचा, पाय सरळ करायचे. सामानाची यादी करून नातेवाइकांची सही घ्यायची. मी लिहिलं, काठी एक, धोतर एक, स्टीलचा डबा एक, चष्मा एक, रोख 70 रुपये. आजींनी अंगठा उठवला. त्या रात्री बाहेर व्हरांड्यात झोपल्या होत्या, कारण पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नाहीत. अंगठ्याची शाई पदराला पुसत त्यांनी मला विचारलं, "रातच्याला काई मागितलं व्हतं का यांनी?"

मी "नाही" म्हणाले.

खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चहानं आजोबा वाचले नसते, हे मला कळतं. डॉक्टरांनी आणि सिनियर सिस्टरांनी तेच सांगितलं, आणि ते खरं आहे. पण त्या चहाला दोन मिनिटं लागली असती आणि माझ्याकडे ती होती.

मी चार दिवस कुणाशी नीट बोलले नाही. पाचव्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांनी ड्युटी संपल्यावर बसवून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी सांत्वन केलं नाही. विचारलं, "मग काय करायला हवं होतं?" मी म्हणाले, "लगेच द्यायला हवा होता." "आणि हातात काम असतं तर?" मला उत्तर देता येईना. मग त्या म्हणाल्या, "नंतर म्हणजे कधी, ते सांगायचं. वेळ सांगायची आणि लिहायची."

तेव्हापासून मी ‘नंतर’ म्हणत नाही. ‘येते’ही म्हणत नाही. "दहा मिनिटांनी येते." "सव्वा नऊला देते." आणि तिथल्या तिथे वहीत खाटेच्या नंबरापुढे ती वेळ. जमणार नसेल तर, "आत्ता मला जमणार नाही, मावशींना पाठवते." दरवेळी वेळ पाळली जाते असं नाही. एखादा सिरीयस पेशंट आला की सगळं वेळापत्रक कोसळतं. पण उशीर झाला तर कुणाकुणाचा झाला, हे वहीत दिसतं आणि मी जाऊन सांगू शकते, "काका, चुकलं माझं, आता आले."

याचा परिणाम मला वाटला नव्हता इतका झाला. नातेवाइकांची सगळ्यात मोठी भीती सलाईन संपण्याची असते. बाटली रिकामी झाली की हवा आत जाईल, या धास्तीनं ते दर पाच मिनिटांनी टेबलाशी येतात आणि आवाज चढतो. आता मी सलाईन लावतानाच बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावते. त्यावर दोन वाजता इथपर्यंत, तीनला इथपर्यंत, चारला संपेल, अशा खुणा. नातेवाइकाला पट्टी दाखवायची आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवायचं. वाचता येत नसेल त्याला काट्याची जागा दाखवायची. ज्या मुलानं एकदा माझ्या अंगावर फाइल भिरकावली होती, तोच पुढे शेजारच्या म्हाताऱ्याच्या बाटलीवर लक्ष ठेवायचा. "सिस्टर, एफ पाचची खूण चुकली, हळू चाललंय," असं येऊन सांगायचा.

ऑगस्टमधल्या एका रात्री याचा खरा कस लागला. पावणेअकराला एक तरुण शेतकरी आला. कडब्याच्या गंजीत हात घालताना साप चावला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. भावानं पिशवीत मेलेला साप आणला होता. तो आणायची काही गरज नसते, त्यात दुसऱ्यालाच चावायची भीती. अशा वेळी पहिली तपासणी खाटेशेजारीच होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. नळी काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली नको, नाहीतर निकाल चुकतो. भाऊ माझ्या पाठोपाठ फिरत होता, "सिस्टर, काय झालं? सिस्टर, वाचंल का?" मी त्याला नळी दाखवली. "अकरा दहाला ही तिरकी करणार. रक्त गोठलं नसेल तर विषावरचं औषध सुरू. तोवर त्याच्याशी बोलत बसा, हात हलवू देऊ नका." तो बसला.

अकरा दहाला नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

सर्पदंशाचं औषध पावडरच्या रूपात येतं. एकेका बाटलीत दहा मिली डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवायचं, अशा दहा बाटल्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर एकच औषध. घाईत मी पहिली बाटली जोरात हलवली आणि सगळा फेस झाला. सिनियर सिस्टरांनी मनगट धरलं आणि बाटली तळहातात गोल कशी फिरवायची ते दाखवलं. ड्रिप सुरू होऊन पंधरा मिनिटं होत नाहीत तोच त्याला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. ड्रिप बंद. अशा ॲलर्जीवरचं ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवलेलं होतं, डॉक्टरांनी सांगताच अर्धा मिली मांडीत दिलं. तो शांत झाल्यावर ड्रिप पुन्हा हळू सुरू केली.

या सगळ्यात सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात वॉर्डातल्या बाकीच्यांपैकी तिघांनाच माझी गरज लागली, कारण बाकीच्यांना आपली वेळ माहीत होती. एक काका लांबूनच म्हणाले, "माझं साडेअकराचं होतं, राहू दे पोरी, त्याचं बघ." पहाटे सहाला पुन्हा नळी भरली आणि सहा वीसला तिरकी केली. रक्त गोठलं होतं. भावानं ती नळी हातात मागून घेतली आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

सुई टोचण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण नवीन मुली हे लपवतात. सातव्या महिन्यात रक्त घेताना रुग्णानं हात ओढला आणि सुई माझ्या बोटात गेली. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच क्षणी सांगायचं. एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. मी दीड तासात पहिली गोळी घेतली. रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, नाहीतर 28 दिवसांचा कोर्स असतो. रुजू होण्याआधी कावीळ-बीच्या लशीचे तिन्ही डोस घ्या आणि लस लागू पडली का हे कळायला अँटीबॉडी तपासून घ्या. मी डोस घेतले होते, तपासणी केली नव्हती. ती रात्र त्या विचारात गेली.

झोपेचं अजूनही पूर्ण जमलेलं नाही. सलग नाइट असल्या की दिवसा दोनच्या पुढे डोळा लागत नाही. आईला सांगितलंय, अकरा वाजता ‘जेवलीस का’ विचारायला फोन करू नकोस, मी पाचला करते. तिची वेळही वहीत आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक नवीन मुलगी आली. सकाळी आठला मी तिला ओव्हर देत होते आणि ती माझ्यासारखीच नुसती मान हलवत होती. मी थांबले, तिला माझं पेन दिलं आणि बारा नंबरपासून पुन्हा सुरुवात केली. "बारा नंबर, न्यूमोनिया, अँटिबायोटिकचा तिसरा दिवस, रात्री ताप नव्हता. मुलगा पुण्याला असतो. दहा वाजता त्याला फोन लावून देते असं मी आजोबांना सांगितलंय. नंबर उशीखालच्या डायरीत आहे. दहाला लाव."

तिनं लिहिलं, बारा, फोन, दहा.